परमनंट

जानेवारीतल्या एका मंगळवारी, स्टँडअप मीटिंगच्या पाच मिनिटं आधी, ऑफिसातल्या सगळ्यांना एक ईमेल आली. विषयाच्या जागी ‘पुढच्या वाटचालीबद्दल’ असं काहीतरी गुळगुळीत. आयटीत चार-पाच वर्षं काढली की कळतं, विषय जितका गुळगुळीत तितका आतला मजकूर खरखरीत. म्युनिकच्या ऑफिसातली बरीच माणसं कमी करायची ठरली होती. आपणहून जाणाऱ्यांना कंपनी पैसे देणार होती. बाकीच्यांची नावं दोन महिन्यांत कळणार होती.

जर्मनीत कुणाला काढायचं ते मॅनेजरच्या मर्जीवर सोडलेलं नाही. नोकरीची वर्षं, वय, पोसायची माणसं आणि अपंगत्व असे चार निकष कायद्यातच आहेत. मी लगेच एक्सेल उघडून स्वतःचा हिशेब मांडला. (इंजिनियर घाबरला की एक्सेल उघडतो.) वय २८. नोकरी ३ वर्षं ३ महिने. लग्न नाही, मूल नाही. म्हणजे यादीत अगदी वरचा नंबर. ज्याच्यामागे कुणी नाही त्याला आधी घालवावं, हा न्याय एरवी मला पटलाही असता.

वर माझं ब्लू कार्ड ऑक्टोबर २०२५मध्ये संपत होतं. ब्लू कार्ड म्हणजे शिकलेल्या परदेशी कामगाराचा परवाना, नोकरीच्या खुंटीला बांधलेला. नोकरी गेली की दुसरी शोधायला मोजके महिने मिळतात. खरं तर कायमचा परवाना मला केव्हाच मागता आला असता. जर्मन भाषा बी-वन पातळीची असेल तर २१ महिन्यांत आणि जेमतेम येत असेल तर २७ महिन्यांत अर्ज करता येतो. मी केला नव्हता. कारण ऑक्टोबर २०२१मध्ये विमानात बसताना मी घरच्यांना ‘दोन वर्षं’ म्हणालो होतो, आणि दोन वर्षांसाठी आलेला माणूस कायमच्या परवान्याच्या रांगेत कशाला उभा राहील? दोनाची तीन झाली तरी मी मनात दोनच धरून होतो.

त्या संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला. डोंबिवलीत रात्रीचे साडेअकरा वाजले होते. तिला मी लेऑफचं काही सांगितलं नाही. तिने मात्र नेहमीचा प्रश्न विचारला, “परमनंट झालास की नाही रे अजून?”

आमच्या घरात हा शब्द इंग्रजी राहिलेलाच नाही. तो लालबागचा आहे.

आजोबा १९६१ साली देवगडहून बोटीत बसले आणि भाऊच्या धक्क्यावर उतरले. गाव कणकवलीजवळ. मिलमध्ये चिकटले ते ‘बदली’ म्हणून. बदली कामगाराने रोज पाळीच्या आधी कार्ड घेऊन गेटवर उभं राहायचं. कायम कामगारांपैकी कुणी गैरहजर असला तर आत जायचं, नसला तर खोलीवर परत. आजोबांनी अशी नऊ वर्षं काढली. परमनंट झाल्याचं पत्र गावी गेलं तेव्हा सत्यनारायण घातला होता म्हणे. राहायला गावकऱ्यांची खोली होती, एकाच वाडीतल्या वीस-बावीस जणांची. भिंतीला ओळीने पत्र्याच्या ट्रंका, आणि झोपायची जागा पाळीप्रमाणे. एक जण रातपाळी करून आला की दिवसपाळीवाल्याची वळकटी उलगडायची. जेवण खाणावळीत, पैसे मनीऑर्डरीने गावी. मुंबईत त्यांना गिरणी कामगार म्हणत आणि गावात चाकरमानी. आपण गावचे, मुंबईला फक्त नोकरीपुरते, यात त्यांना कधी शंका नव्हती.

हे सगळं मला त्या रात्री आठवायचं कारण जिन्यात भेटलेले अम्जा.

अम्जा म्हणजे तुर्कीत काका. रोमन लिपीत लिहिलेलं वाचलं तर सरळ ‘आमचा’ असं वाटतं. मी पहिले काही महिने त्यांना ‘आमचा’च म्हणत होतो आणि त्यांनी ते चालवून घेतलं. मी मिलबर्ट्सहोफेनला राहतो, म्युनिकच्या उत्तरेला, गाड्यांच्या मोठ्या कारखान्याजवळ. (हो, मिल नावातच आहे, त्याचा अर्थाशी काही संबंध नाही.) अम्जा माझ्या खालच्या मजल्यावर. ओळख झाली कचऱ्यावरून. मी पुठ्ठ्याच्या खोक्यातलं प्लास्टिक न काढता ते कागदाच्या डब्यात टाकलं होतं. जर्मन शेजारी असता तर नोटीस चिकटवली असती. अम्जांनी खोकं बाहेर काढलं, प्लास्टिक वेगळं केलं आणि म्हणाले, “मी पण शिकलो. तुला सोपं आहे, मला सांगायला कुणी नव्हतं.” त्यांचं जर्मन अर्धवट, माझंही अर्धवट. दोन अर्धवटांचं मिळून बरं चालतं.

त्या रात्री त्यांनी माझा चेहरा बघून विचारलं, कुणी गेलं का? मी ईमेलचं सांगितलं. ते म्हणाले, “तू कुठल्या फलाटावर उतरलास?” मी म्हटलं, विमानाने आलो. ते हसले. “मी अकरावर.”

म्युनिकच्या मुख्य स्टेशनात मी शेकडो वेळा गेलोय. सध्या ते अर्धं पाडलेलं आहे, सगळीकडे पत्रे आणि बाणांच्या पाट्या. ११ क्रमांकाचा फलाट मोठ्या शेडच्या दक्षिण टोकाला आहे. तिथून बाहेर पडलं की दोन-तीन गल्ल्यांत तुर्की, अरब, अफगाण दुकानं लागतात. डाळ, कोथिंबीर मिळण्याची खात्री तिथेच, त्यामुळे माझे बरेच शनिवार त्या बाजूला जातात. या फलाटाखाली महायुद्धात हवाई हल्ल्यांपासून लपायला बांधलेला एक बंकर आहे. १९६०पासून १९७३पर्यंत इटली, ग्रीस, तुर्कस्तान, युगोस्लाव्हियातून गाड्या भरून येणारे कामगार आधी त्या बंकरात उतरवत. गरम सूप, हातात शिदोरीची पिशवी, नावाची हाक, आणि मग कारखान्यानुसार वाटणी होऊन पुढच्या गाड्यांत रवानगी.

फेब्रुवारी १९६९. अम्जा तेव्हा २२ वर्षांचे, त्रापझोनजवळच्या खेड्यातले. इस्तंबूलहून गाडीला दोन दिवस आणि वर एक रात्र लागली. सूप त्यांनी प्यायलं नाही, त्यात डुकराचं मांस असेल या भीतीने. “शिदोरीतला पाव तेवढा खाल्ला. ती माझी जर्मनीतली पहिली जेवणाची सुट्टी.”

यानंतर मी जे वाचत सुटलो त्याला इतिहासाचा अभ्यास म्हणणं जरा जास्त होईल. भाषेच्या परीक्षेची तयारी करायची होती आणि हे वाचायला बरं वाटत होतं, इतकंच.

महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीत कारखाने जोरात आणि माणसं कमी. २० डिसेंबर १९५५ला रोममध्ये इटलीशी पहिला करार झाला. १९६०मध्ये स्पेन आणि ग्रीस. ऑगस्ट १९६१मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली, पूर्वेकडून येणारे कामगार बंद झाले, आणि ३० ऑक्टोबर १९६१ला तुर्कस्तानशी करार झाला. पुढे मोरोक्को, पोर्तुगाल, ट्युनिशिया, युगोस्लाव्हिया. या लोकांना नाव पडलं ‘गास्टआर्बाइटर’, पाहुणे कामगार. आमच्या कोकणात पाहुण्याला कामाला लावलं तर वाडीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. पण शब्दाचा हेतू स्पष्ट होता. पाहुणा जातो.

तुर्कस्तानबरोबरच्या मूळ करारात तर तसं लिहिलेलंच होतं. जास्तीत जास्त दोन वर्षं, मग याला पाठवा आणि नवा आणा. दोन वर्षं! विमानात बसताना मी उच्चारलेला आकडा ६० वर्षांपूर्वी सरकारी कागदावर होता. ही अट १९६४मध्ये काढून टाकली, आणि ती माणुसकीपोटी काढली असं समजू नका. शिकवून तयार केलेला माणूस दोन वर्षांनी घालवायचा आणि पुन्हा नवा शिकवायचा, हे कारखानदारांनाच परवडेना.

निवड इस्तंबूलमधल्या जर्मन कार्यालयात व्हायची. छातीचा एक्स-रे, रक्त, लघवी, दात. ओळीत उभं करून, कपडे उतरवून. लेखक जॉन बर्जर आणि छायाचित्रकार ज्यां मोर यांच्या १९७५च्या पुस्तकात त्या तपासणीचे फोटो आहेत. मी ते रात्री फोनवर बघितले आणि झूम करायचा धीर झाला नाही. अम्जा त्याबद्दल एकच वाक्य बोलतात, “बैल घेताना बघतात तसं.” माझी मुलाखत झूमवर झाली होती, चार फेऱ्या. माझं फक्त डोकं तपासलं.

आधी, २०२३च्या उन्हाळ्यात, ४९ युरोचं तिकीट नवीन निघालं होतं तेव्हा, मी बॉनला गेलो होतो. त्या तिकिटावर वेगवान गाड्या चालत नाहीत, त्यामुळे म्युनिकहून बॉन म्हणजे पॅसेंजर बदलत बदलत अख्खा दिवस. तिथल्या इतिहास संग्रहालयात एक मोपेड ठेवलेली होती. झ्युंडॅप कंपनीची, दोन चाकं, छोटीशी. मी तिचा फोटोसुद्धा काढला होता, मजेशीर दिसते म्हणून. पाटी नीट वाचली नव्हती. आता वाचली, त्या फोटोतच.

ती मोपेड आर्मांडो रॉड्रिगेश द सा या पोर्तुगीज सुताराची. १० सप्टेंबर १९६४ला तो कोलोनच्या डॉइट्झ स्टेशनवर उतरला, अकराशेच्या आसपास स्पॅनिश-पोर्तुगीज कामगारांबरोबर. लाउडस्पीकरवरून त्याचं नाव पुकारलं तेव्हा तो घाबरला. कागदांत काही चूक निघाली, आता परत पाठवणार, असं त्याला वाटलं. प्रत्यक्षात यादीतून त्याला ‘दहा लाखावा पाहुणा कामगार’ म्हणून निवडलं होतं. बँड, फुलांचा गुच्छ, फोटोग्राफर आणि बक्षीस म्हणून ही मोपेड. फोटोत तो टोपी घालून मोपेडवर बसलाय, आणि चेहऱ्यावर आनंदापेक्षा गोंधळ जास्त आहे. जर्मनीतल्या प्रत्येक शाळकरी पुस्तकाला शोभेल असा तो फोटो.

फोटोनंतरचं पुस्तकात कमी येतं. काही वर्षांनी तो आजारी पडला, पोर्तुगालला परतला. साठवलेले पैसे औषधपाण्यात गेले. जर्मनीत भरलेल्या विम्यातून आपल्याला मदत मिळू शकते हे त्याला माहीत नव्हतं. १९७९मध्ये तो वारला. मोपेड त्याने गावी नेली होती, ती नंतर संग्रहालयाने मिळवली. मला यातलं सगळ्यात जास्त लागलं ते विम्याचं. देशाने त्याचं जंगी स्वागत केलं, आणि तुझा हक्क काय ते त्याला कुणी सांगितलं नाही. मी माझ्या पगाराच्या चिठ्ठीतल्या पेन्शन, बेकारी, आजारपण या वजावटींचा अर्थ तीन वर्षांत पहिल्यांदा त्या आठवड्यात शोधला.

रजेचाही एक इतिहास आहे. मला वर्षाला ३० दिवस रजा मिळते आणि मी ती कोड रिव्ह्यूपेक्षा जास्त काळजीने वापरतो. दिवाळी की गणपती? एका वर्षी दोन्ही नाही. अम्जांना चार आठवडे मिळायचे. त्यातले तीन दिवस जाण्यात, तीन येण्यात. साल्झबुर्ग, झाग्रेब, बेलग्रेड, सोफिया, एदिर्ने, एका व्हॅनमध्ये आठ माणसं, छपरावर शिलाई मशीन आणि टीव्ही. वाटेत किती अपघात बघितले ते ते सांगत नाहीत. या प्रवासापायी माणसं कामावर उशिरा पोचत. १९७३च्या ऑगस्टमध्ये कोलोनच्या फोर्ड कारखान्याने सुट्टीवरून उशिरा आलेल्या सुमारे ३०० तुर्की कामगारांना काढून टाकलं. त्यावरून जवळजवळ आठवडाभर संप झाला, पोलिसांच्या मदतीने मोडला. त्याच महिन्यात नॉइस गावच्या पीअरबुर्ग कारखान्यात परदेशी बायकांनी संप केला. त्याच कामाला बायकांसाठी ‘हलकं काम’ नावाची सगळ्यात खालची वेतनश्रेणी होती. तिथले जर्मन पुरुष कामगारही त्यांच्या बाजूने उतरले आणि ती श्रेणी रद्द झाली. एक संप हरला, एक जिंकला. आठवणीत मात्र हरलेलाच जास्त राहिलाय. हे आपल्या गिरणगावासारखंच.

आता मुख्य गोष्ट.

२३ नोव्हेंबर १९७३. तेलसंकट आलेलं. जर्मन कामगारमंत्र्यांनी टेलेक्सवरून हुकूम काढला: परदेशातून नवीन भरती बंद. हेतू साधा होता. नळ बंद केला की टाकीतलं पाणी हळूहळू कमी होईल. पाहुणे तर येतात आणि जातातच. ते खोटंही नव्हतं. १९५५पासून तोवर सुमारे १ कोटी ४० लाख माणसं आली होती आणि सुमारे १ कोटी १० लाख परतही गेली होती. पुन्हा वाचा हा आकडा. मी तीनदा वाचला. आपल्या मनात चित्र असं असतं की परदेशी आला की चिकटतो. प्रत्यक्षात दरवाजा उघडा होता तोवर बहुतेक जण येत होते, कमवत होते, जात होते.

दरवाजा बंद झाला आणि हिशेब उलटा झाला. आता गावी गेलं तर परत येता येणार नाही. मग जायचंच कशाला? माणसं थांबली. थांबली म्हणून बायको-मुलांना बोलावलं. भरती बंद झाली तेव्हा जर्मनीत साधारण नऊ लाख तुर्की लोक होते. १९८०मध्ये ते साडेचौदा लाखांच्या आसपास होते. लोकांना घालवण्यासाठी केलेल्या नियमाने लोकांना वसवलं. याउलट इटलीचे लोक. युरोपीय आर्थिक समुदायामुळे त्यांना येण्या-जाण्याची मोकळीक होती, आणि आलेल्या इटालियनांपैकी बहुतेक सगळे केव्हाच घरी गेले.

अम्जांना हे मी मोठ्या उत्साहाने समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “ट्रॅक्टर घ्यायचा होता. ट्रॅक्टरचे पैसे ७२लाच जमले होते. म्हटलं अजून एक वर्ष करू, नांगर पण येईल.” पुढच्या वर्षी हुकूम निघाला. १९७५ला बायको आली.

इतकी वर्षं मनात ‘तात्पुरतं’ धरून जगलं की काय होतं ते त्यांच्या घरात दिसतं. त्रापझोनला तीन मजली घर बांधलंय, दोन मुलांना एकेक मजला. मुलं म्युनिकमध्येच. वर्षातले अकरा महिने खिडक्या बंद. जर्मन ते नीट शिकले नाहीत, कारण जायचंच होतं. इथे घर घेतलं नाही, कारण जायचंच होतं. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याला टेंपररी फिक्स म्हणतो. ‘नंतर काढू’ अशी कॉमेंट टाकून लिहिलेल्या ओळीच सगळ्यात जास्त जगतात.

आणि आमच्या घरी याचा उलटा आरसा आहे. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख माणसं बाहेर. दत्ता सामंतांचा शब्द. आजोबा दोन-तीन महिन्यांनी गावी गेले, ‘संप मिटेपर्यंत’. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. त्यामुळे आजोबांचं ‘संप मिटेपर्यंत’सुद्धा संपलं नाही. परमनंट झालेला माणूस तात्पुरता गावी गेला आणि तिथेच राहिला. मिलचा पास त्यांच्या ट्रंकेत शेवटपर्यंत होता, प्लास्टिकच्या पिशवीत, मी लहानपणी पाहिलाय. बाबा तोवर मुंबईत नोकरीला लागले होते, म्हणून आम्ही डोंबिवलीत.

माझा प्रश्न वेगळाच होता. पैसे घेऊन जायचं का? कंपनी मला साधारण चार महिन्यांचा पगार देत होती. पुण्यात नोकरी मिळाली असती. आई-बाबा साठीला आलेत. मी फॉर्म भरून ठेवला होता, फक्त सही बाकी. अम्जांनी तो टेबलावर पाहिला आणि त्यांच्या भावाची गोष्ट सांगितली. १९८३च्या शेवटी जर्मन सरकारने कायदा केला होता. बेकार झालेल्या काही देशांच्या कामगारांनी कायमचं परत जायचं ठरवलं तर साडेदहा हजार मार्क, प्रत्येक मुलामागे दीड हजार वेगळे. मुदत मर्यादित. गेलात की परतीचा रस्ता बंद. भावाने घेतले. गावात दुकान टाकलं. दुकान बरं चाललं. पण म्युनिकला शाळेत जाणाऱ्या मुलांना तिथे सगळे ‘अल्मानजी’, जर्मनीवाले, म्हणून चिडवायचे. थोरली मुलगी १८ वर्षांची झाल्यावर लग्न करून परत जर्मनीत आली. “भाऊ चुकला का?” मी विचारलं. “नाही,” अम्जा म्हणाले. “तो खूश होता. मी पण खूश होतो. फक्त त्याला मला भेटायला यायला व्हिसा लागायचा.”

यात तथाकथित ‘आपले’ लोकही आहेत, ते आपल्याला माहीत नसतात. आपल्याला वाटतं जर्मनीत पहिले भारतीय कामगार म्हणजे आमच्यासारखे कीबोर्डवाले. १९६०च्या दशकातच केरळच्या तरुण मुली कॅथलिक संस्थांमार्फत इथे नर्स म्हणून आल्या होत्या. काहींनी लग्न करून नवऱ्यांना आणलं, तर त्या नवऱ्यांना सुरुवातीची काही वर्षं कामाची परवानगी नसायची. ते घरी पोरं सांभाळायचे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी बेकारी वाढली तेव्हा यांतल्या कित्येकींना परवाने वाढवून देणं बंद झालं. आयटीवाले आले २०००मध्ये, चान्सलर श्रोडर यांच्या ‘ग्रीन कार्ड’ योजनेतून. २० हजार परवाने, मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं. पुन्हा मुदत! विरोधातल्या युर्गन र्‍युटगर्स या पुढाऱ्याच्या प्रचारातून ‘भारतीयांऐवजी मुलं’ अशा अर्थाची घोषणा निघाली, ती इथल्या भारतीयांना अजून तोंडपाठ आहे. आता वारं फिरलंय. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, सुरुवातीला दहा हजार जणांचा. त्याच वर्षी जर्मनीने कुशल भारतीयांचे व्हिसा वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांवर नेऊ असं जाहीर केलं. सांगली-साताऱ्याची मुलं जर्मनचे क्लास लावतायत. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर एकच सांगेन: पगाराची चिठ्ठी पहिल्या महिन्यातच समजून घ्या.

मी फॉर्मवर सही केली नाही. यामागे काही मोठा विचार होता असं म्हणणार नाही. भावाच्या गोष्टीतला व्हिसा डोक्यातून जाईना. इथे परत येता येईल याची खात्री असेल तरच मी घरी सुखाने जाऊ शकतो, एवढं कळलं. मार्चमध्ये नावं आली, त्यात माझं नव्हतं. माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राचं होतं. तो माझ्याहून दोन महिन्यांनी नवा. त्याला निरोप देताना मला काय बोलावं सुचलं नाही, कारण मनातल्या मनात मी ते दोन महिने मोजत होतो. एप्रिलमध्ये परीक्षा पास झालो. जुलैमध्ये कायमच्या परवान्याचं कार्ड हातात आलं, ड्रायव्हिंग लायसन्सएवढं.

अम्जाही यंदा कागदाच्या रांगेत आहेत. जून २०२४पासून नवा कायदा लागू झाला. जुनं नागरिकत्व न सोडता जर्मन होता येतं, आणि पाहुण्या कामगारांच्या पिढीला लेखी परीक्षा नाही, रोजचं बोलता आलं की पुरे. ५६ वर्षांनी. “मग आता जर्मन होऊन इथेच?” मी विचारलं. त्यांनी पाकिटातून दुसरंच कार्ड काढून दाखवलं, मशिदीच्या अंत्यविधी निधीचं. वर्षाला थोडे पैसे भरायचे, मेल्यावर ते शव विमानाने त्रापझोनला पोचवतात. “परतीचं तिकीट कन्फर्म आहे,” म्हणाले.

तुर्कीत परमुलुखात राहण्याला ‘गुर्बेत’ म्हणतात. मूळ अरबी, आणि त्याच मुळातला ‘गरीब’ हा शब्द आपल्याकडे आला. अरबीत त्याचा अर्थ परका, अनोळखी. पैसे नसलेला हा अर्थ त्याला वाटेत चिकटला.

ऑगस्टच्या शेवटी गणपती होते. २०२१नंतर पहिल्यांदा मी रजा टाकली, १६ दिवस. अम्जा म्हणाले, “रस्त्यासाठी दोन दिवस जास्तीचे धर.” मी म्हटलं, अम्जा, विमानाने जातोय. तरी त्यांनी एक पिशवी दिली, त्रापझोनच्या त्यांच्या झाडाचे हेझलनट, टरफलासकट. म्युनिक ते मुंबई आठ तास लागले. मुंबई ते कणकवली, चतुर्थीच्या गर्दीत, त्या कधीच पुऱ्या न होणाऱ्या महामार्गावरून, चौदा. अम्जा बरोबर होते.

घराची किल्ली शेजारच्या वाडीतल्या आत्याकडे असते. वर्षभराचं कुलूप तेल घालून काढावं लागलं. हेझलनट बघून तिला ती बारकी सुपारी वाटली, तिने दोन विड्यावर ठेवल्यासुद्धा. मी काही बोललो नाही. आरती झाल्यावर पडवीत बसलो होतो, तेव्हा तिने विचारलं,

“परमनंट झालंस मां रे आता?”

“हो.”

“बरां झालां. मगे आता घराक कधी येतलंस?”